तुमचे प्रश्न : पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र शिकवताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच विषयाची निघाली : कॉलेजच्या पहिल्या वर्षाला संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकवायचं कसं. म्हणून या अंकातली सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : आमचं कॉलेज स्वायत्त आहे. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांच्या पहिल्या वर्षाला मिळून २ क्रेडिटचा खुला विषय म्हणून संभाव्यता व संख्याशास्त्र सुरू होतंय. ३० तास हातात आहेत. काय घ्यावं, काय गाळावं? सुरुवात क्रमचय-संचयापासून करावी का?
– सहायक प्राध्यापिका, सातारा जिल्हा

क्रमचय-संचयापासून मुळीच सुरुवात करू नका. पहिले सहा-सात तास ‘पाच जण एका बाकावर किती प्रकारे बसतील’ यात गेले की कला शाखेची निम्मी मुलं तिथेच मान खाली घालतात. शिवाय ज्यासाठी हा विषय ठेवला, ते नमुन्यावरून अंदाज बांधणं शेवटच्या तीन तासांत उरकावं लागतं. द्विपद वितरणापुरतं (ठरावीक प्रयत्नांत किती वेळा यश येईल याच्या शक्यता) संचयाचं सूत्र लागतं. ते त्याच तासाला अर्ध्या फळ्यावर सांगून होतं.

३० तास हे कागदावरचे. गणपती, अंतर्गत परीक्षा, युवक महोत्सव, अचानकची सुट्टी हे सगळं वजा जाता २६ तास मिळतील असं धरून आखणी करा. आमची वाटणी अशी : आकडे वाचणं आणि मांडणं ५ तास, नमुना कसा घ्यावा २, संभाव्यता ६, यदृच्छ चल (योगायोगाने ठरणारी संख्या) आणि द्विपद व प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) वितरण ४, नमुना-सरासरीचं वितरण ३, अंदाज आणि चाचण्या ६. शेवटच्या सहा तासांत एक प्रमाण, एक सरासरी आणि दोन गटांची तुलना एवढंच घ्या. झेड, टी, एफ, काय-वर्ग अशा सगळ्या चाचण्यांची रांग लावली की मुलं ‘कुठल्या गणिताला कुठलं सूत्र’ एवढंच पाठ करतात. सहसंबंध पहिल्या पाच तासांत आलेखापुरता येऊ द्या. समाश्रयण, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं, पुढच्या सत्राला ठेवा.

तुमचं कॉलेज स्वायत्त आहे म्हणून तुम्हाला गाळता तरी येतं. संलग्न कॉलेजांत अभ्यास मंडळाने ठरवलेलं गाळता येत नाही, पण क्रम आणि तासांची वाटणी बहुतेक वेळा शिक्षकाच्याच हातात असते. तिथेही एवढा बदल जमतो.

पहिला तास व्याख्यांवर घालवू नका. फळ्यावर दोनच आकडे लिहा. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला जेमतेम ७४ च्या आसपास. मग विचारा, ‘त्या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला?’ कोणी सरासरी काढेल, कोणी म्हणेल सांताक्रूझचाच धरा, कोणी विचारेल बाकीच्या भागांचं काय. मोजलं कुठे, किती ठिकाणी, आणि दोन जागांच्या सरासरीला अर्थ तरी काय, हे सगळे प्रश्न मुलं स्वतः काढतात. वर्षभराचा विषय त्या चर्चेत येऊन जातो.

सरासरीच्या तासाला कांद्याचे बाजारभाव घ्या. बाजार समितीच्या तक्त्यात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. हिशेबापुरते सोपे आकडे धरू. सोमवारी आवक २००० क्विंटल, दर १२०० रुपये. मंगळवारी आवक ५०० क्विंटल, दर २००० रुपये. दोन दिवसांचा सरासरी दर विचारला तर वर्ग एकमुखाने १६०० म्हणतो. पण एकूण ३४ लाख रुपयांत २५०० क्विंटल माल गेला, म्हणजे क्विंटलला १३६०. ‘सरासरी भाव १६००’ ही बातमी वाचून शेतकऱ्याच्या घरात जो प्रश्न पडतो, त्याचं उत्तर या २४० रुपयांच्या फरकात आहे. भारित सरासरीचं सूत्र यानंतर लिहा, आधी नको.

संभाव्यतेच्या तासांबद्दल एकच सूचना. पत्त्यांवरची गणितं देणार असाल तर खरा कॅट वर्गात न्या. किलवर, चौकट, इस्पिक, बदाम, प्रत्येकी १३ पानं, हे माहीत नसलेली मुलं-मुली प्रत्येक वर्गात असतात. त्यांचं गणित चुकत नाही, त्यांना प्रश्नच कळलेला नसतो.

प्रश्न : ‘नमुना-सरासरीचं प्रमाण विचलन (पसाऱ्याचं माप) म्हणजे मूळ प्रमाण विचलन भागिले नमुन्याच्या आकाराचं वर्गमूळ’ हे मुलं घडाघडा म्हणतात. पण याचा अर्थ विचारला की गप्प. दर वर्षी हेच. काही करून दाखवता येईल का?
– प्राध्यापक, नांदेड

येईल, आणि यासाठी दोन तास खर्च करा. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात सर्वांत अवघड कल्पना हीच आहे : आपल्या हातात एकच नमुना असतो, पण तो दुसराही येऊ शकला असता, आणि तेव्हा सरासरी वेगळी आली असती. जे घडलं नाही त्याचं वितरण मुलांच्या डोळ्यांसमोर आणायचंय. सूत्राने ते येत नाही, हाताने येतं.

दोन आठवडे आधी ६० मुलांना प्रत्येकी पाच नाणी आणायला सांगा. हल्ली खिशात सुटे नसतात, म्हणून आधी सांगायचं. वाणी, भाजीवाले, घरातला डबा, कुठूनही चालतील. नाण्यावरचं वर्ष वाचून वय काढायचं. तारखेखालची टांकसाळीची खूणही लिहून घ्या : मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते. गुणात्मक चलाचं, म्हणजे आकड्यात नव्हे तर प्रकारात सांगायच्या गोष्टीचं, उदाहरण आयतं मिळतं. कोणी आजीच्या डब्यातलं चार आण्याचं नाणं आणलं तर ते यादीत घेऊ नका. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, म्हणजे ती वेगळ्या समूहातली. ‘समूह कोणता’ हे ठरवणं म्हणजे काय, ते इथे समजावून सांगा.

नीट वाचता येणारी २५० नाणी निवडा, त्यांना ००० ते २४९ क्रमांक द्या आणि क्रमांक व वय अशी यादी छापून प्रत्येक जोडीला द्या. डब्यात हात घालून नाणी काढायला लावू नका. दहाचं नाणं मोठं, पन्नास पैशांचं लहान, हाताला मोठंच लागतं आणि नमुना तिथेच बिघडतो.

क्रमांक काढायला कॅसिओ एफएक्स-८२ एमएस पुरतो. ‘रॅन’ बटण दाबलं की तीन दशांश स्थळांचा आकडा येतो. ०.६३७ आला तर ६३७ घ्या आणि २४९ किंवा त्याखाली येईपर्यंत २५० वजा करत जा : ३८७, मग १३७. हजार शक्यता २५० नाण्यांत बरोबर चार-चार वाटल्या जातात, म्हणून कुणावर अन्याय नाही. एक चूक हमखास होते. पडद्यावर ०.६४ दिसतं तेव्हा ते ६४० असतं, मुलं ६४ घेतात. हे आधीच फळ्यावर लिहून ठेवा. तोच क्रमांक पुन्हा आला तर पुन्हा घ्यायचा, टाकायचा नाही. आपलं सूत्र तसंच धरून चालतं.

प्रत्येक जोडीने १ नाण्याचे दोन, ४ नाण्यांचे दोन आणि १६ नाण्यांचे दोन नमुने काढायचे. एका जोडीला ४२ क्रमांक लागतात, पहिला तास त्यात जातो. ५, १०, ३० असे आकार घेऊ नका. १, ४, १६ चं वर्गमूळ १, २, ४ येतं, त्यामुळे पसारा निम्मा आणि पाव झालेला डोळ्यांना दिसतो.

दुसऱ्या तासाला भिंतीवर तीन लांब पट्ट्या लावा, दोन चार्ट पेपर जोडून केलेल्या. आडव्या अक्षावर ० ते ४० वर्षं, एका वर्षाला दोन सेंटिमीटर. तिन्ही पट्ट्यांवर मोजमाप एकच आणि शून्याखाली शून्य. हे चुकलं तर सगळा खेळ वाया, कारण पसारा कमी झालेला दिसतच नाही. प्रत्येक जोडी आपली सरासरी अर्ध्या वर्षापर्यंत आणते आणि तिथे टिकली चिकटवते. १ नाण्याला लाल, ४ ला हिरवी, १६ ला निळी. टिकली एक सेंटिमीटरपेक्षा लहान हवी, नाहीतर शेजारच्या रकान्यात घुसते. रकाना भरला की वर रचत जायचं.

लाल टिकल्या डावीकडे दाटतात आणि उजवीकडे लांब शेपूट जाते, कारण जुनी नाणी थोडी असतात. हिरव्या मध्याकडे सरकतात. निळ्या साठ टिकल्यांचा बऱ्यापैकी घंटेसारखा ढीग होतो. आधी मुलांना नुसतं बघू द्या. मग यादीतल्या २५० वयांचं प्रमाण विचलन सांगा. समजा ते ८ वर्षं निघालं, तर हिरव्यांचं सुमारे ४ आणि निळ्यांचं सुमारे २ येतं, मुलांनीच मोजायचं. अगदी नेमकं येणार नाही, साठच टिकल्या आहेत. तो फरक लपवू नका.

पट्ट्या काढून टाकू नका. कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी जिथे असावी असा पट्टा) शिकवताना हेच साठ निळे नमुने वापरा. प्रत्येक सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले २ वर्षं, म्हणजे सुमारे ३.९ वर्षं लांबीची रेघ ओढा आणि खऱ्या सरासरीवर उभा दोरा लावा. साठपैकी तीनेक रेघा दोऱ्याला शिवणार नाहीत. कधी एक, कधी पाच. ‘९५%’ हा आकडा रेघ काढण्याच्या पद्धतीबद्दल आहे, एखाद्या रेघेबद्दल नाही, हे दोऱ्याकडे बोट दाखवून सांगता येतं.

प्रश्न : सशर्त संभाव्यतेत ‘अ दिलं असता ब’ आणि ‘ब दिलं असता अ’ यांची मुलं सर्रास अदलाबदल करतात. एकावरून दुसरी काढायचं बेजचं सूत्र लिहितात, पण भलतंच.
– व्याख्याती, पणजी

‘दिलं असता’ हा शब्दप्रयोगच काही दिवस बाजूला ठेवा. तो पुस्तकी आहे आणि मुलांच्या कानाला काही सांगत नाही. आपल्याकडे त्याहून उत्तम शब्द आहे : ‘पैकी’. ज्याला ‘पैकी’ लागतं, तो छेद. ‘आजारी असलेल्यांपैकी किती जण पॉझिटिव्ह?’ आणि ‘पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जण आजारी?’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हटली की फरक लपून राहत नाही.

टक्केवारी टाळा, माणसं मोजा. १०,००० लोक घ्या, त्यातले १% म्हणजे १०० आजारी. चाचणी आजाऱ्यांपैकी ९५% ना बरोबर पकडते आणि निरोग्यांपैकी ५% ना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. तर आजाऱ्यांतले ९५ पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांतले ४९५ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५९०. त्यांपैकी खरोखर आजारी ९५, म्हणजे सुमारे १६%. वर्गाला आधी अंदाज विचारा, बहुतेक जण ९५% म्हणतील. ही चार घरांची चौकट मुलांना सहज भरता आली की मगच बेजचं सूत्र लिहा, आणि सूत्रातला प्रत्येक भाग चौकटीतल्या घरावर बोट ठेवून दाखवा.

हीच अदलाबदल पुढे चाचण्यांतल्या पी-व्हॅल्यूला छळते. तिथे ‘खरा फरक काहीच नाही’ असं धरून सुरुवात करतात, ते शून्य गृहीतक. ‘पी-व्हॅल्यू ०.०३, म्हणजे शून्य गृहीतक खरं असण्याची शक्यता ३%’ हे वाक्य पदव्युत्तर विद्यार्थीही लिहितात. ‘पैकी’ लावून बघा : शून्य गृहीतक खरं असताना असे हजार प्रयोग केले, तर त्यांपैकी सुमारे ३० मध्ये इतका किंवा याहून टोकाचा निकाल येईल. छेदात शून्य गृहीतक खरं असलेलेच प्रयोग आहेत, त्यामुळे ते खरं आहे का याची शक्यता यातून निघूच शकत नाही.

प्रश्न : प्रयोगशाळेत १० संगणक, मुलं ६०. आर (संख्याशास्त्रासाठीची संगणक-भाषा) शिकवावं की एक्सेल पुरे?
– विभागप्रमुख, जळगाव जिल्हा

बी.एस्सी. संख्याशास्त्राची मुलं असतील तर आर शिकवाच. ते फुकट आहे आणि पुढच्या तीन वर्षांत ते लागणारच. सर्व शाखांचा २ क्रेडिटचा विषय असेल तर स्प्रेडशीट पुरे. एक्सेलचा परवाना नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क चालतं. २०-२० च्या तीन बॅच करा, एका संगणकावर दोघं, आणि अर्ध्या वेळाने कळफलक दुसऱ्याकडे द्यायचा. नाहीतर एक जण टाइप करतो आणि दुसरा सत्रभर बघतो.

वेळ खातात त्या चुका ठरलेल्या आहेत. देवनागरी लिपीत टाइप केलेले आकडे स्प्रेडशीट बहुधा मजकूर समजते. आकडा रकान्यात डावीकडे चिकटला की ओळखायचं. ०५/०७ ही ५ जुलै की ७ मे, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. पावसाच्या नोंदीत रिकामी जागा म्हणजे ‘मोजलं नाही’ आणि ० म्हणजे ‘पडला नाही’, हे मुलं एकत्र करतात आणि सरासरी घसरते. वारंवारतेच्या आलेखात खांबांमधल्या फटी तशाच राहतात, म्हणजे तो हिस्टोग्राम नसून साधा स्तंभालेख झालेला असतो.

प्रमाण विचलनाला दोन फंक्शन आहेत, एक एन ने (म्हणजे आकडे जितके तितक्याने) भागणारं, दुसरं एन वजा एक ने. पाच आकड्यांच्या गणितात दोघांत जवळजवळ १२% फरक पडतो, २५० आकड्यांत ०.२%. कॅल्क्युलेटरवरही दोन पर्याय असतात, त्यामुळे शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांची उत्तरं जुळत नाहीत आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणतात. कुठलं वापरायचं, ते जर्नलच्या पहिल्या पानावर लिहायला लावा.

प्रश्न : नमुन्याचं प्रमाण विचलन काढताना भागायला एन वजा एकच का? सर म्हणाले, पुढच्या वर्षी कळेल.
– प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, सोलापूर

आत्ताच कळेल. एका डब्यात ० आणि २ अशा दोनच चिठ्ठ्या आहेत. सरासरी १, आणि प्रचरण म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, तीही १. आता चिठ्ठी परत टाकत दोनदा काढ. चारच नमुने शक्य आहेत : (०,०), (०,२), (२,०), (२,२). प्रत्येक नमुन्यात त्याच्या स्वतःच्या सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ०, २, २, ० येते. दोनने भागलंस तर प्रचरणं ०, १, १, ०, त्यांची सरासरी अर्धा. खरं उत्तर १ असताना आपण निम्मंच सांगतोय. एन वजा एकने, म्हणजे १ ने भागलंस तर ०, २, २, ०, सरासरी बरोबर १.

नमुना आपली सरासरी आपल्याच आकड्यांतून काढतो, त्यामुळे ती त्यांच्या जरा जास्तच जवळ असते आणि पसारा कमी दिसतो. एन वजा एक ने भागून ती कसर भरून निघते. तीन चिठ्ठ्या घेऊनही करून बघ, नऊ नमुने होतील.

प्रश्न : अंतर्गत २० गुणांसाठी गृहपाठ दिला की एकाची वही साठ जण उतरवतात. काय करावं?
– सहायक प्राध्यापक, परभणी

प्रत्येकाला वेगळे आकडे द्या. वरच्या नाण्यांच्या यादीतून स्प्रेडशीटमध्ये ६० ओळी तयार करा, प्रत्येक ओळीत यदृच्छ निवडलेली १६ वयं. शेजारच्या रकान्यांत सरासरी आणि इंटरव्हलची दोन्ही टोकं काढून ठेवा, ती तुमची उत्तरसूची. ओळी छापा, पट्ट्या कापा, रोल नंबरप्रमाणे वाटा. यदृच्छ आकडे तयार झाले की लगेच ‘फक्त मूल्यं’ म्हणून पेस्ट करा. ते फंक्शन फाइलमध्ये काहीही बदललं की नवे आकडे काढतं, आणि वाटलेल्या पट्ट्या व तुमची उत्तरसूची यांचा मेळच राहत नाही.

हिशेबाला ८ गुण ठेवा आणि १२ गुण तीन वाक्यांना : हे आकडे कुठल्या समूहातले, इंटरव्हल काय सांगतो, आणि तो काय सांगत नाही. हिशेब मित्राकडून करून घेता येतो, पण स्वतःच्या आकड्यांवरचं वाक्य उतरवलेलं असलं की दोन ओळींत उघडं पडतं. ‘९५% नाण्यांचं वय ९ ते १७ वर्षांच्या दरम्यान आहे’ असं लिहिलं तर त्या वाक्याला शून्य. सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. ‘अशा पद्धतीने काढलेल्या शंभर इंटरव्हलपैकी सुमारे ९५ मध्ये यादीची खरी सरासरी सापडते, हा त्यांतला एक’ असं मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं तरी पूर्ण गुण द्या.

उत्तरसूची हाताशी असली की एका कागदाला दोन-तीन मिनिटं लागतात. कागद आठवड्याच्या आत परत करा आणि वाक्यांचा भाग पुन्हा लिहून आणायची एक संधी द्या. दुसऱ्या खेपेचे गुण धरा.